यादीतला दुसरा नंबर

गिरण्यांचा संप सुरू होऊन दोनेक महिने झाले होते, तेव्हा लालबागच्या एका गल्लीतल्या पालिकेच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. मी गिरगावातली, चाळीतच वाढलेली, त्यामुळे चाळीचं मला काही नवं नव्हतं. पण माझं बोलणं तिसरीच्या मुलांना भारी वाटायचं. मी 'बसा' म्हटलं की मागच्या रांगेतून कुणीतरी माझ्याच सुरात 'बसाऽ' म्हणायचं आणि वर्ग खिदळायचा. महिनाभरात मीही 'बसा रे' म्हणायला लागले, तेव्हा कुठे ते थांबलं.

शाळेची इमारत एका बाजूने गिरणीच्या कुंपणाला टेकलेली होती आणि दुसऱ्या बाजूने लाकडी टेकूंना. टेकू गल्लीतही होते आणि वर्गातही. माझ्या वर्गात तीन होते. त्यातला एक बरोबर फळ्यासमोर असल्यामुळे डावीकडच्या मुलांना गणिताचं उत्तर दिसायचं आणि उजवीकडच्यांना नुसतं गणित. पोरं त्या टेकूंवर दप्तरं टांगत, पावसाळ्यात रेनकोट टांगत. नवीन इमारतीचा प्रस्ताव मी यायच्या कितीतरी आधीच वर गेलेला होता.

हे मला सांगितलं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी. बुटक्या, ठसठशीत कुंकू, आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर नाक्यावरचा पानवाला सावरून बसायचा. नवीन शाळा कुठे आधी बांधायच्या याची पालिकेत एक प्राधान्ययादी असते, आपला नंबर तीत सातवा आहे, असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. वर्षाला दोन-तीन इमारतींपुरता निधी मंजूर व्हायचा. "म्हणजे तुझं लग्न होईपर्यंत होईल," त्या म्हणाल्या. मी लाजले. त्या लाजल्या नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मोठ्या बाई वॉर्ड ऑफिसातून लाल चेहऱ्याने परत आल्या. आमचा नंबर सातवरून एकोणिसावर गेला होता.

"का पण?" मी विचारलं.

"पट! पट घसरला म्हणे. मुलं नाहीत तर इमारत कुणासाठी, असं विचारतात. आणि साहेब बरोबरच बोलत होते, तोच तर राग आहे मला."

मुलं खरंच नव्हती. संप लांबला तशी घरं गावाकडे वळली होती. बाप गिरणीच्या फाटकाशी, आई डबे करणारी, आणि मुलं मालवण, देवगड, कणकवलीकडे आजी-आजोबांकडे. माझ्या वर्गातले जवळजवळ अर्धे गेले होते. उरलेले पसरून बसत आणि म्हणत, "बाई, आता काय मस्त जागा आहे!"

मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डांचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "सप्टेंबरअखेरचा पट धरतात. तोवर गेलेली पोरं परत आणायची. मी लिहिलं तर ती घाबरून आणखी लांब पळतील. तुझ्या वर्गाला लिहू दे."

त्या आठवड्यात आम्ही पत्रलेखन सोडून काही शिकवलं नाही. अडचण पत्त्यांची होती. मुलांना मित्राच्या गावाचं नाव माहीत असायचं, पण पुढे 'विहिरीजवळचं घर' किंवा 'ज्यांची म्हैस मारकी आहे ते' अशी खूण. आम्ही तीही पत्त्यात लिहिली. पोस्टमनने काय म्हटलं असेल कोण जाणे, पण पत्रं पोचली. एकाने आपल्या मित्राला लिहिलं होतं, 'तू आला नाहीस तर शाळेची नवी बिल्डिंग होणार नाही. तुझ्यामुळे होणार नाही.' त्याला दहा-बारा दिवसांत उत्तर आलं, 'मला यायचं आहे, पण आजी सोडत नाही आणि इथे पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागतात. मासे संपले की येतो.' मोठ्या बाईंनी ते कार्ड तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, "कारण खरं आहे. रजा मंजूर."

शिवाय आम्ही दोघी रोज शाळा सुटल्यावर चाळी पालथ्या घालायला लागलो. आधीच्या वर्षांत शिक्षक असे फिरायला गेले की बाप रात्रपाळी करून झोपलेले असत. आता सगळे जागे होते आणि बोलायला माणूस हवंच होतं. चहा नको म्हटलं तर त्यांना लागायचं, म्हणून आम्ही अर्धा अर्धा कप घेत चार-चार मजले चढायचो. ज्यांची पोरं कुठल्याच शाळेत नव्हती अशी दहा-बारा घरं आम्हाला याच फिरतीत सापडली. सप्टेंबर संपला तेव्हा मासेवाला परत आला होता, आणखीही बरेच आले होते. काही मात्र आलेच नाहीत. त्यांची नावं हजेरीपत्रकात मी बरेच दिवस खोडली नाहीत. पण पट भरला.

मग आला पालिकेचा इंजिनीअर. तरुण मुलगा, पँटला नीट इस्त्री, हातात टेप. त्याने भिंतीवरच्या भेगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "या जुन्या भेगा आहेत, मॅडम. भिंत एकदा बसली की बसली. वाढत्या भेगा असतील तरच मला इमारत धोकादायक म्हणून यादीत वर टाकता येते."

हे ऐकायला दाराशी एक पालक उभे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, गिरणीत फिटर. संपापासून रोज मुलीला सोडायला यायचे आणि घरी जाऊन करायचं काय म्हणून शाळेच्या पायरीवर बसायचे. सगळे त्यांना फिटरच म्हणत. इंजिनीअर गेल्यावर ते आत आले आणि आपल्या मालवणीत म्हणाले, "बाईनू, ह्यो तडो जुनो नाय हा. वाढता हा. माका चार काचेचे पट्टे द्या, मी दाखवतंय."

फोटोफ्रेमच्या दुकानातून त्यांनी काचेचे उरलेले तुकडे आणले. भेगेवर आडवी पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लॅस्टरने भिंतीला पक्की करायची. भिंत स्थिर असेल तर काच शाबूत राहते, जराशी जरी सरकली तरी तडकते. गिरणीत यंत्रांच्या पायाजवळ त्यांनी हेच केलेलं होतं. प्रत्येक पट्टीशेजारी त्यांनी तारीख लिहिली. एकूण नऊ पट्ट्या.

पोरांना हा खेळ मिळाला. रोज सकाळी प्रार्थना संपली की आपापल्या वर्गातली काच बघायला पळापळ. 'आमची अजून नाही फुटली' असं दुसरीतली मुलं रडवेल्या चेहऱ्याने सांगायची. तीन आठवड्यांनी एका सोमवारी चौथीच्या वर्गातली पट्टी मधोमध तडकलेली दिसली आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई धावत आल्या.

"भिंत पडायला आली म्हणून टाळ्या वाजवता? अक्कल आहे का?" मग फुटलेली काच जवळून बघून त्यांनी स्वतःच हळूच एक टाळी वाजवली. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर इंजिनीअर परत आला. तोवर वर्गांतल्या पाच काचा तडकल्या होत्या. त्याने एकेक पाहिली. "पण मॅडम," तो अवघडून म्हणाला, "मुलांची शाळा आहे. चेंडू लागला असेल, कुणी मुद्दाम..."

फिटर त्याला मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेले. बाईंच्या खुर्चीच्या बरोबर मागे, कपाटाच्या वर, सहावी काच होती आणि तीही तडकलेली.

"इथे मुलं येतात?" इंजिनीअरने विचारलं.

"येतात की," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण आल्यावर हात हलवायचं कुणाला सुचत नाही."

तो हसला. मग त्याने फिटरांना शेजारी बसवून घेतलं, कुठली पट्टी कधी लावली, कधी फुटली, सगळं लिहून घेतलं आणि जाताना त्यांच्याशी हात मिळवला. आठ-दहा महिने त्या माणसाच्या कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते पायरीवर बसलेच नाहीत, सरळ घरी गेले. बायकोला सांगायला, असं त्यांच्या मुलीने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

नवी यादी निघाली आणि आम्ही दुसरे होतो. शाळेत पेढे वाटले गेले. पण चारच दिवसांत कळलं की त्या वर्षी गिरण्यांच्या भागासाठी आणि आसपासच्या वस्त्यांसाठी मिळून एकाच इमारतीचा निधी आहे. म्हणजे पहिल्याला इमारत, दुसऱ्याला पेढे.

त्याच संध्याकाळी गल्लीतले एक पुढारी शाळेत आले. माणूस वाईट नव्हता. सणासुदीला मदत करायचा, कुणाचं काही अडलं की उभा राहायचा. खुर्चीवर बसून तो म्हणाला, "बाई, पहिला नंबर वडाळ्याच्या एका शाळेचा आहे. त्यांच्या मागे कोणी नाही. आपल्यामागे अख्खं लालबाग आहे. तुम्ही फक्त एक पत्र द्या, की आमची गरज जास्त आहे. एक आणि दोनची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी सांगते."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. सुटल्यावर त्यांनी पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल गं. वडाळ्याला जाऊन येऊ. ज्याच्या पुढे जायचं त्याचं तोंड तरी बघू."

बसने उतरून आम्ही रेल्वे यार्डाच्या कडेकडेने बरंच चाललो. पुढे मिठागरांची सपाट जमीन आणि तिच्या अलीकडे पत्र्याच्या शेडची एक रांग. तीच शाळा, आणि ती शनिवारी दुपारीही भरायची. भिंती अशा नव्हत्याच, पत्रे होते आणि पत्र्यांच्या मध्ये गोणपाट. मुलं विटांवर फळ्या टाकून बसली होती. एकच गुरुजी दोन वर्गांच्या मध्ये उभे होते. तोंड डावीकडे करून कविता आणि उजवीकडे करून वजाबाकी. हजेरीपत्रकं आणि पुस्तकं त्यांनी छताच्या तारेला पिशव्यांतून टांगली होती.

"उधाणाच्या भरतीला पाणी आत येतं," त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. "मग आम्ही पाय वर घेऊन बसतो. पोरांना मजा वाटते. खेकडे पण येतात."

मोठ्या बाईंनी विचारलं, "तुमचा यादीत पहिला नंबर लागलाय, माहीत आहे ना?"

गुरुजी गोंधळले. "आम्ही पहिले? कशात?"

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. कुणीतरी वर्षापूर्वी येऊन मोजमाप करून गेलं होतं, एवढंच. आम्ही सांगितलं तसा तो माणूस एकदम वळला आणि मुलांना ओरडून म्हणाला, "ए, आपला पहिला नंबर आलाय रे!" मुलांनीही कशात ते न विचारता जोरात आरोळी ठोकली. मग त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, आणि आम्ही कोण, कशाला आलो, हे विचारायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये परळ आलं तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्याकडे पडायला भिंत तरी आहे."

सोमवारी त्यांनी पालकांची सभा घेतली. मैदान नव्हतंच, म्हणून गल्लीतच सगळे उभे राहिले. बायका जास्त. पुढारीही आले होते. मोठ्या बाईंनी वडाळ्यात जे पाहिलं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "मी अदलाबदलीचं पत्र देणार नाही. त्यांची इमारत आधी होऊ दे."

एका आईने तिथल्या तिथे विचारलं, "आणि आमच्या पोरांच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तर? त्यांचे पाय भिजतात, आमची डोकी फुटायची." ती बोलली ते बरोबरच होतं. तिच्यामागे आणखी आवाज चढले. "संपात आमचं गेलं ते गेलं, आता शाळापण घालवता काय?" असं कुणी म्हणालं. मोठ्या बाईंचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खाली आलेला ऐकला.

तेव्हा फिटर पुढे झाले. सभेत बोलायची सवय नाही हे दिसतच होतं. पण मालवणी सोडून शुद्ध बोलायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "आपण वर्ष झालं बाहेर आहोत. का? सगळ्यांनी एकत्र थांबायचं ठरलं म्हणून. जे मागच्या दाराने आत गेले त्यांना आपण काय म्हणतो, ते इथे बायका आहेत म्हणून बोलत नाही. आता आपल्याच पोरांना मागच्या दाराने आत घुसवायचं?"

मग तीच आई म्हणाली, "ते सगळं खरं. पण पोरं बसणार कुठे ते सांगा."

"उद्यापासून या इमारतीत कोणी बसणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज परत आला होता. "जागा मी शोधते. नाही मिळाली तर तुमच्या गॅलऱ्यांत वर्ग भरवीन."

पुढारी हात चोळत पुढे आले आणि म्हणाले, "ठीक आहे बाई. पत्र नको तर नको. व्यायामशाळेचा हॉल मी मिळवून देतो." तो त्यांनी खरंच मिळवून दिला.

पुढची अडीच वर्षं म्हणजे माझ्या नोकरीतली सगळ्यात मजेची वर्षं. चौथी जवळच्या दुसऱ्या शाळेत दुपारी भरायची. पहिली-दुसरी एका मूर्तिकाराच्या कारखान्यात, कारण गणपतीचा हंगाम सोडला तर त्याची शेड रिकामी असायची. मुलं बेरीज-वजाबाकी शाडूच्या गोळ्या मोजून करत. हंगाम जवळ आला की मूर्तींचे सांगाडे उभे राहत आणि वर्ग कोपऱ्याकोपऱ्यात सरकत सरकत शेवटी बाहेर पडायचा, मग महिनाभर खरोखरच चाळीच्या गॅलऱ्यांत. पाढे म्हणताना वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या चुका काढत.

माझी तिसरी व्यायामशाळेत. हॉलच्या मधोमध मल्लखांब, त्याला तेल लावलेलं. ज्याचं गणित बरोबर येईल त्याने एकदा वर चढून यायचं, असा नियम मी नाइलाजाने केला, कारण नाहीतर ती न विचारताच चढत होती. त्या वर्षी माझ्या वर्गाचं गणित पहिल्यांदा सुधारलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "ही कुठली पद्धत?" मी म्हटलं, "प्रात्यक्षिक." त्यांनी तसंच लिहून घेतलं. साहेबांचं बरं चाललं होतं, आमचंही.

वडाळ्याची इमारत दरम्यान उभी राहत होती. आमच्या इंजिनीअरनेच तिथल्या कंत्राटदाराला फिटरांचं नाव सांगितलं आणि देखरेखीला त्यांना घेतलं गेलं. गिरण्या काही पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. फिटरांना त्यांचं गिरणीतलं खातं पुन्हा कधी दिसलं नाही. पण त्यांनी वडाळ्याचं जोतं भरतीच्या पाण्याच्या खुणेपेक्षा हातभर उंच करून घेतलं, कंत्राटदाराशी भांडून. पुढच्या यादीत आमचा पहिला नंबर लागला, तेव्हा आमच्या शाळेच्या कामावरही तेच होते आणि तिथे तर ते रोज मोठ्या बाईंशीही भांडत. खिडक्या कुठे हव्यात यावरून आठवडाभर अबोला होता, आणि माझ्यामार्फत निरोप जात.

आमची इमारत पूर्ण झाली तेव्हा मोठ्या बाई निवृत्त होऊन चार महिने झाले होते. माझंही लग्न झालं होतं. उद्घाटनाला त्या पाहुण्या म्हणून आल्या, पुढच्या रांगेत बसल्या, भाषणं संपेपर्यंत कशाबशा थांबल्या आणि मग सरळ माझ्या वर्गात घुसल्या. बाकं अजून आलेली नव्हती. चार कोऱ्या भिंती, पांढरी फरशी आणि तीवर मांडी घालून बसलेली साठ पोरं. मोकळ्या खोलीत आवाज असा घुमायचा की एकाने खोकलं तर चौघांनी खोकल्यासारखं वाटे. पोरांना ते सकाळीच कळलं होतं, त्यामुळे शिकवणं अशक्य झालं होतं.

"बाई, तुम्हीच घ्या आज," मी म्हटलं.

त्यांनी पदर खोचला. "एकोणतिसाचा पाढा कुणाला येतो?" कुणालाच येत नव्हता. "बरं. मी म्हणते, मागून म्हणा. एकोणतीस एके एकोणतीस!"

तो आवाज, त्या रिकाम्या भिंती आणि साठ गळे. शेजारच्या दोन्ही वर्गांतून मुलं दाराशी येऊन बघायला लागली, मग तीही म्हणायला लागली. खालून नव्या मुख्याध्यापकांनी शिपायाला काय झालं ते बघायला पाठवलं. शिपाई आला, दारात उभा राहिला आणि एकोणतीस सत्ते दोनशे तीनपासून तोही सामील झाला.

बाकं पुढच्या गुरुवारी आली.